कोकणात रस्ता दुरुस्तीचं टेंडर कसं काढायचं, आणि ठेकेदार का फिरकत नाहीत

दर वर्षी गणपतीच्या पंधरा दिवस आधी मला हमखास फोन येतात. कुठल्या तरी ग्रामपंचायतीचा नवा सरपंच असतो नाहीतर नुकताच जॉईन झालेला ग्रामपंचायत अधिकारी, आणि प्रश्न ठरलेला, "भाऊ, चाकरमानी यायच्या आत खड्डे भरायचेत, टेंडर कसं काढू?" मी विचारतो आज तारीख काय, बाहेर पाऊस आहे का, मग समोरून जरा वेळ काही आवाजच येत नाही. बांधकामच्या टेंडर टेबलवर मी नऊ वर्षं काढली, निविदा टाकल्या, उघडल्या, शून्य बोली आलेल्या बघितल्या, आणि तीस टक्के बिलोने, म्हणजे अंदाजपत्रकाच्या तेवढं खाली, घेतलेलं काम दिवाळीच्या आत परत उखडलेलं पण बघितलंय, तर त्यातून जे कळलं ते इथे लिहून ठेवतो म्हणजे दर गणपतीला तेच तेच फोनवर सांगायला नको.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात घ्या. ठेकेदार तुमच्या रस्त्याचा दर भरत नाही, तो तुमच्या कागदाचा दर भरतो. कागदावर जे नीट लिहिलेलं नाही त्याचे पैसे तो मनातल्या मनात धरतो किंवा मग टेंडरकडे बघतच नाही, आणि जो बघतो तो तेच मोकळं सोडलेलं बीळ पकडून काम करतो. पुढचं सगळं याच्याभोवती फिरतं.

आधी कॅलेंडर

आपल्याकडे पावसाचे चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, त्यात डांबराचं काम होत नाही आणि कोणी करतो म्हणाला तर करू देऊ नका. हातात राहतात नोव्हेंबर ते मे. त्यातून शिमगा वजा करा कारण पालखी दारात असताना लोकल माणूस घमेलं उचलायला येत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या गाड्या, हापूसच्या पेट्या भरून पिकअप निघाली आणि वाडीचा रस्ता तुम्ही अर्धा खोदून ठेवलाय तर बागायतदार तुमच्या घरी येऊन बसतील, आणि त्यांचं काही चूक नाही. म्हणजे खरा कामाचा हंगाम डिसेंबर ते मार्च. म्हणून उलटं मोजायचं, मार्चअखेर काम संपवायचं तर जानेवारीत कार्यारंभ आदेश हातात पायजे, त्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निविदा पोर्टलवर, त्यासाठी नोव्हेंबरात तांत्रिक मान्यता, आणि त्यासाठी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्या ओसरल्या रस्त्यावर टेप घेऊन उभं राहायचं. खड्डे तेव्हा सगळ्यात खरे दिसतात, फेब्रुवारीत लोक मुरूम-माती टाकून भरून घेतात मग मोजायचं काय. मधेच कुठल्या तरी निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी निविदा अडकते, तेव्हा त्या वर्षी आणखी महिनाभर मागे सरका.

मग गणपतीच्या आधीचं काय? त्याचं उत्तर मे महिन्यात द्यायचं असतं. पावसाळी वार्षिक दरकरार करून ठेवायचा, कोल्ड मिक्स (न तापवता भरायचा तयार डांबरी माल) भरायचा दर, दरड किंवा झाड पडलं तर जेसीबीचा तासाचा दर, खडी-मुरमाचा दर, आणि फोन केल्यापासून किती तासात माणूस हजर. ऑगस्टमध्ये फक्त ऑर्डर द्यायची. नुसत्या कोल्ड मिक्सच्या गोण्याच घ्यायच्या असतील तर ती खरेदी आहे, बांधकाम नाही, ती जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते.

रस्ता नक्की कोणाचा

हसू नका, पण हा प्रश्न पहिला. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे. हायवे ६६ वर तर आपल्यापैकी कोणाचाच हात चालत नाही. ग्रामीण मार्गाला नंबर असतो, तो अंदाजपत्रकावर लिहिला नाही तर फाईल पहिल्याच टेबलवरून परत येते. पैशाचंही तसंच, रस्ते-पूल दुरुस्ती म्हणजे ३०५४ लेखाशीर्ष (बजेटमधलं खातं), नवं बांधकाम ५०५४, आणि २५१५ मधून येतात ती आमदारांनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून करू शकते पण मग ते काम विकास आराखड्यात असलं पायजे, नसेल तर ग्रामसभा, ठराव, मग आराखड्यात बदल, म्हणजे दोन महिने गेले.

दुसरं, रस्ता अजून कोणाच्या दोष दायित्व कालावधीत, म्हणजे बिघडला तर जुन्या ठेकेदारानेच दुरुस्त करायच्या मुदतीत, आहे का बघा. प्रधानमंत्री ग्राम सडक आणि मुख्यमंत्री ग्राम सडक या दोन्ही योजनांत काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. आमच्या इथे एकदा चार लाखांचं अंदाजपत्रक तयार, सह्या झालेल्या, निविदा मसुदा माझ्या टेबलवर, आणि आमचा शिपाई चहा ठेवता ठेवता म्हणाला, साहेब या रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड आहे त्यावर पाच वर्षं लिहिलंय. मी गाडी काढून बघून आलो तर वेलींनी झाकलेला बोर्ड, आणि मुदतीतले चौदा महिने बाकी. म्हणजे जे काम फुकट करून घ्यायचं त्याचे आम्ही परत पैसे मोजणार होतो. मूळ ठेकेदाराला नोटीस गेली, कुरकुरत का होईना त्याने काम केलं. तेव्हापासून मी कुठल्याही रस्त्याच्या फाईलला पहिला कागद जुन्या कामाच्या पूर्णत्व दाखल्याचा लावतो.

आणि तिसरं जे फक्त कोकणातच इतकं डोक्याला ताप देतं. रस्त्याच्या कडेने गटार खणायचं म्हटलं की बाजूचा सातबारा सामाईक निघतो, बावीस नावं, त्यातली सतरा मुंबईत. काम चालू झाल्यावर एखादा काका ठाण्याहून फोन करून बंद पाडतो. ठेकेदाराला हे तुमच्याआधी माहीत असतं, त्याची मशीन उभी राहणार हे धरून तो दर भरतो. उपाय सोपा आहे, गणपतीत सगळे गावी येतात ना, तेव्हाच आरतीनंतर संमतीपत्रं फिरवा. पाच दिवसांत जेवढ्या सह्या मिळतात तेवढ्या नंतर वर्षभर फिरून मिळत नाहीत. त्या सह्या झाल्यात हे निविदेत एका ओळीत लिहा, जागा निर्वेध आहे म्हणून.

चालत जा, आणि पाण्याकडे बघा

अंदाजपत्रक ऑफिसात बसून होतं तेव्हा ते सगळीकडे सारखंच दिसतं, किलोमीटरला इतके टक्के खड्डे, इतकं डांबर. कोकणात रस्ता खराब करतं ते पाणी. वर कातळ असतो, सड्यावरचं सगळं पाणी उतरणीला रस्त्यावर येतं, गटार पालापाचोळ्याने आणि गडग्याच्या पडलेल्या चिऱ्यांनी बुजलेलं, मोरीच्या तोंडात फणसाचं मूळ, मग पाणी डांबरावरून वाहतं आणि एका पावसात कडा खाऊन टाकतं. तुम्ही खड्डा कितीही चांगला भरा, पुढच्या जूनमध्ये तो त्याच जागी परत हजर. म्हणून शाखा अभियंत्याबरोबर चालताना वहीत आधी पाण्याचं लिहा. साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ०/३५० ला मोरी बुजलेली, ०/४०० ते ०/५२० डावीकडे गटार नाही, ०/६०० ला बाजूपट्टी सहा इंच खाली गेलेली, असं. मग खड्डे. आणि प्रत्येक ठिकाणी लोकेशन येणारा फोटो, टेप लावून.

दुरुस्तीच्या निविदेत गटार साफ करणे, मोरी मोकळी करणे, दुतर्फा झाडी कापणे, बाजूपट्टी मुरमाने भरून दाबणे, हे आयटम डांबराच्या वर पायजेत. माझा अनुभव असा की निधी कमी पडला की पहिली कात्री यालाच लागते कारण डांबर काळं दिसतं, फोटोत येतं, गटाराचा फोटो कोण टाकणार. पण मी तर म्हणतो पैसे अर्धेच असतील तर गटार-मोरी-बाजूपट्टी करा आणि डांबर पुढच्या वर्षी.

खडीचं एक. जांभा घर बांधायला झकास, बाजूपट्टीला जांभ्याचा मुरूम पण चालतो, डांबराला मात्र नाही, तो पाणी पितो. डांबरातल्या खडीचं पाणी शोषण २ टक्क्यांच्या आत लागतं, जांभा त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे काळ्या दगडाचीच खडी, आणि ती किती लांबून येते त्यावर दर. हे लिहिलं नाही तर कोणीतरी जवळच्या खाणीतलं काहीही आणून टाकेल आणि वर विचारेल, कुठे लिहिलंय?

आकडा मांडून बघा

आता जरा हिशोब करू, कारण ठेकेदार का येत नाहीत याचं उत्तर इथेच आहे. समजा वाडीचा एक किलोमीटर रस्ता, ३ मीटर रुंद. क्षेत्र झालं ३००० चौरस मीटर. खड्डे पाच टक्के धरले तर १५० चौरस मीटर, ७५ मिलिमीटर जाडीने भरायचे तर सव्वाअकरा घनमीटर, वजनात साधारण २५ टन माल. म्हणजे टिपरच्या दोन-तीन फेऱ्या. एवढ्यासाठी हॉट मिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचा माल बनवणारा, प्लांटवाला प्लांट पेटवत नाही. आणि प्लांट असतो चाळीस-पन्नास किलोमीटरवर, हायवेच्या आसपास, तुमची वाडी खाडीच्या पलीकडे, मधे दोन घाट्या. एक ठेकेदार मला म्हणाला होता, "गाडी थंय पोचापर्यंत डांबार थंड जातला, मगे माकाच दोष दितलास." त्याचं खरं होतं. व्हीजी ३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली गेलेला नको आणि रोलिंग ९० च्या वर असतानाच संपायला हवं. टिपर ताडपत्रीने झाकून आणला तरी अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की वीस मिनिटं गेलीच.

तर काय करायचं? शेजारशेजारचे रस्ते एकत्र करून एक काम करा. जिल्हा परिषद किंवा पीडब्ल्यूडी असेल तर एकाच पट्ट्यातले पाच-सहा रस्ते एका निविदेत घ्या, दोनेकशे टनांचं काम झालं की प्लांटवाला स्वतः येतो. ग्रामपंचायत असाल तर शेजारच्या दोन गावांशी बोलून निदान तारखा जुळवा म्हणजे तोच माणूस तिन्हीकडे भरेल. आणि फारच आडबाजूचा तुकडा असेल तर तिथे हॉट मिक्सचा हट्ट सोडा, काँक्रीट करा किंवा जागेवर करता येणारं एमपीएम-सीलकोट (खडी पसरून वरून डांबर ओतायचं, मग वर पातळ थर) घ्या. अंदाजपत्रक करताना वाहतूक अंतर खरं टाका. प्लांट ते गाव गुगल मॅपवर ३८ दिसतं पण पूल बंद असल्यामुळे ५४ पडतं, हे खात्याच्या छापील दरसूचीला कळत नाही, शाखा अभियंत्याला कळतं, त्याच्याकडून लिहून घ्या. रॉयल्टी, १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार उपकर, विमा, हे धरून अंदाजपत्रक झालं की मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता. ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात घोळ नाही घालत.

तुकडे पाडू नका. ई-निविदेची मर्यादा जीआरने बदलत आलीय, एकेकाळी ३ लाख होती, तर ताजा जीआर पंचायत समितीतून घ्या आणि त्याच्या खाली बसवायला एकाच रस्त्याचे भाग १, भाग २, भाग ३ करायचा मोह टाळा. लोकल फंड ऑडिटवाले सगळ्यात आधी हेच शोधतात, तीन अंदाजपत्रकं, एकच तारीख, एकच रस्ता. तो आक्षेप तुम्ही बदलून गेलात तरी मागोमाग येतो. छोट्या कामांना काम वाटप समितीचा नियम लक्षात ठेवा, ठरावीक हिस्सा मजूर सहकारी संस्थांना, ठरावीक सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, बाकी खुले. तुमचं काम यातल्या कुठल्या गटात गेलंय ते आधी विचारा, नाहीतर निविदा प्रसिद्ध झाल्यावर संस्थेचं पत्र येतं.

निविदेचा कागद

दुरुस्तीला शक्यतो बी-१, म्हणजे टक्केवारीचं टेंडर. दर आपले, ठेकेदार फक्त वर किंवा खाली किती टक्के ते सांगतो. बी-२ मध्ये प्रत्येक आयटमचा दर तो भरतो आणि मग एखादा हुशार गटाराला एक रुपया आणि डांबराला आभाळाएवढा दर लावतो, नंतर गटार करतच नाही. छोट्या कामात ही डोकेदुखी कशाला.

अटी कमी ठेवा पण पक्क्या ठेवा. नोंदणीचा वर्ग, जीएसटी, पॅन, तसल्याच एखाद्या कामाचा अनुभव, बयाणा रक्कम, म्हणजे बोलीबरोबर भरायची ठेव. बास. मी असे कागद पाहिलेत ज्यात पंचवीस दाखले मागितलेले, त्यात एक असा की जागा पाहणी केल्याचा सहीचा दाखला अमुक साहेबांकडूनच आणायचा, आणि साहेब निविदेच्या सगळ्या दिवसांत नेमके रजेवर. ज्याला दाखला मिळायचा त्याला मिळाला होता. प्लांट अमुक अंतरात आणि स्वतःच्याच मालकीचा हवा, ही पण तीच जात. माल गरम पोचावा ही काळजी खरी आहे, तर अट मालाला घाला, मालकीला कशाला? पसरताना तापमान मोजणार, कमी निघालं तर टिपर परत, हे लिहा आणि थर्मामीटर खरंच विकत घ्या, फार महाग नसतो. जागा बघायची असेल तर ज्याला यायचं त्याने यावं, एक दिवस ठरवून द्या, शाखा अभियंता तिथे असेल, न आल्यास बाद नाही. आलेल्यांचे प्रश्न आणि तुमची उत्तरं शुद्धिपत्रक म्हणून सगळ्यांसाठी टाका, एकाच्या कानात सांगू नका.

खड्डा कसा भरायचा ते पण लिहून टाका, दरसूचीत आहे म्हणून सोडू नका. कडा उभ्या कापून चौकोन करायचा, आतली माती-धूळ ब्रशने काढायची, टॅक कोट (चिकटायला डांबराचा पातळ हात) मारायचा, एका थरात ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरायचं नाही, रोलर फिरवून रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवायचा. चार ओळी आहेत, पण या चार ओळींमुळे फावड्याने माल फेकून वरून टिपर फिरवणारा माणूस आपोआप गळतो. मोजमाप कसं घेणार तेही लिहा, कापलेला चौकोन भरायच्या आधी मोजला जाईल आणि त्याची नोंद एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, होईल. भरल्यावर मोजमाप म्हणजे भांडण.

पैसे कधी देणार हे लिहिणारे फार कमी लोक असतात. मला तर वाटतं चांगला ठेकेदार ओढायला याच्याइतकी दुसरी ओळ नाही. निधी आलेला असेल तर "निधी उपलब्ध" असं स्पष्ट लिहा. नसेल तर टेंडर काढूच नका, खरं सांगतो. कोकणातले लहान ठेकेदार दोन-दोन वर्षं बिलाच्या मागे फिरून दमलेत, ज्याच्याकडे पैसा अडकवायची ताकद आहे तोच मग भरतो आणि तो त्याचं व्याज दरात घालतो.

पोर्टलवर टाकताना

महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, निविदा तयार करताना दोन लिफाफे, पहिला तांत्रिक, दुसरा आर्थिक. बीओक्यूची (कामाच्या आयटम-परिमाणांच्या यादीची) एक्सेल फाईल जशी अपलोड केली तशीच, त्याच नावाने ठेकेदाराने भरून टाकायची असते, नाव बदललं की सिस्टीम घेत नाही, हे निविदेत मोठ्या अक्षरात लिहा, नवी मुलं इथेच फसतात. बीओक्यूतली परिमाणं आणि पीडीएफमधली परिमाणं जुळतात का ते दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आपली चूक आपल्याला दिसत नाही. मी एकदा १५० चौरस मीटरचे १५०० टाकले होते, एका ठेकेदाराने फोन करून सांगितलं म्हणून वाचलो, शुद्धिपत्रक काढलं, आठ दिवस मुदत वाढवली.

बिड ओपनर, म्हणजे बोली उघडणारे अधिकारी, निवडताना खास काळजी. निविदा उघडायला किमान दोन अधिकाऱ्यांची डिजिटल सिग्नेचर लागते, बोली त्यांच्याच चावीने बंद झालेल्या असतात. दोनच नावं टाकली आणि त्यातल्या एकाची बदली झाली, किंवा सिग्नेचरची मुदत संपून नवी घेतली, की बसा बोंबलत. आमच्याकडे एक साहेब बदलीवर जाताना सिग्नेचरचं टोकन खिशात घालून गेले, मग मी ते आणायला दुसऱ्या तालुक्यात बाईकवर, पावसात, रेनकोटच्या आत पिशवी, पिशवीच्या आत पेन ड्राईव्हएवढा तुकडा. तेव्हा चार जणांची नावं टाका, चारपैकी कोणीही दोन असा पर्याय ठेवा, आणि प्रत्येकाच्या सिग्नेचरची संपायची तारीख निविदा टाकायच्या आधी बघा.

बोली भरायची शेवटची वेळ सोमवारी सकाळची ठेवू नका, शनिवार-रविवारी लाईट गेली की माणूस अडकतो. बुधवार-गुरुवार, संध्याकाळी पाच. जाहिरात जिल्हा माहिती कार्यालयामार्फत पेपरला जाते ती जाऊ द्या, पण त्याबरोबर ग्रामपंचायतीच्या, पंचायत समितीच्या फळ्यावर लावा, आणि तालुक्यातल्या सगळ्या नोंदणीकृत ठेकेदारांना पोर्टलवरचा निविदा क्रमांक एकदमच, एकाच मेसेजने कळवा. यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा तिघांनाच कळवता.

उघडताना

ठरलेल्या वेळी, ज्यांना यायचं त्यांच्यासमोर. आधी तांत्रिक. एखादा कागद राहिला असेल तर आणि तो कागद निविदेच्या तारखेआधीचाच असेल तर पोर्टलवरून मागवा, पण सगळ्यांना सारखीच मुदत. बाद करायचं तर कारण एका ओळीत, निविदेतल्या अटीचा क्रमांक टाकून. तीनपेक्षा कमी बोली आल्या तर पहिल्या कॉलला, म्हणजे पहिल्यांदा काढलेल्या निविदेला, उघडायची घाई नको, मुदतवाढ किंवा दुसरा कॉल जीआरप्रमाणे करा, आणि मधल्या वेळात न भरलेल्या दोघा-तिघांना सरळ विचारा का नाही भरलं. मला याची उत्तरं जी मिळाली ती कायम तीनच, माल लांब आहे, बिल मिळत नाही, आणि तिसरं जरा आवाज खाली करून, "काम मॅनेज आहे असं ऐकलं."

मॅनेजचं बोलायलाच पायजे. तीन बोली आल्या म्हणजे तीन माणसं आली असं नसतं. तिन्हींत "बाजूपट्टी"चं स्पेलिंग एकाच प्रकारे चुकलेलं, तिन्ही हमीपत्रांवर एकाच दिवशी, एकाच विक्रेत्याचा स्टॅम्प, आणि दर अंदाजपत्रकाच्या बरोबर वर ०.५, ०.९, १.२ टक्के, मग समजून जा. संगनमताने बोली लावणं स्पर्धा कायदा २००२ खाली बेकायदा आहे. तुम्हाला पोलीसगिरी करायची नाही, टिपणी लिहा, पुरावे लावा, फेरनिविदेसाठी वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा. तोंडी काही बोलू नका, गाव लहान असतं.

आणि उलट बाजू, बिलो. ८,४०,००० चं काम आणि पठ्ठ्या २२ टक्के खाली, म्हणजे ६,५५,२००. सदस्य खूश, पैसे वाचले. थांबा. त्याच्याकडून दर पृथक्करण मागवा, डांबर किती, खडी किती, वाहतूक किती, हे त्याने मांडून दाखवलं पायजे. ठरावीक टक्क्यांच्या खाली गेला तर जादा सुरक्षा ठेव घ्यायची असते, ती करारनाम्याच्या आधी हातात घ्या, काम चालू झाल्यावर ती येत नाही. ज्याचा स्वतःचा प्लांट शेजारच्या गावातच आहे, मोठ्या कामासाठी पेटलेलाच आहे, तो खरंच २२ खाली करू शकतो, मी केलेलं बघितलंय आणि काम चांगलं होतं. ज्याला पृथक्करण म्हणजे काय तेच माहीत नाही तो डांबरात मारणार. वाटाघाटी करायच्या तर फक्त सर्वात कमी दरवाल्याशी, आणि लेखी.

मग तुलनात्मक तक्ता, सभेचा ठराव, स्वीकृती पत्र, स्टॅम्पवर करारनामा, कार्यारंभ आदेश. आदेशात काम संपायची तारीख आणि दोष दायित्व कधीपर्यंत हे दोन्ही आकड्यात लिहा. तीच तारीख दायित्व नोंदवहीत आणि ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पण, कारण अनामत परत मागायला ठेकेदार येतो तेव्हा एक पावसाळा पूर्ण उलटलेला असला पायजे आणि शाखा अभियंता त्या पावसात एकदा तरी रस्त्यावर जाऊन आलेला असला पायजे.

शेवटचं एक काम जे नव्वद टक्के टेबलांवर राहतं. काम दिल्याची नोंद, ज्याला पोर्टलवर एओसी म्हणतात, ती टाका. ज्यांना काम मिळालं नाही त्यांचा ऑनलाईन भरलेला बयाणा पोर्टलवर पुढचे टप्पे पूर्ण केल्याशिवाय परत जात नाही, आणि आपण कार्यारंभ आदेश छापून दिला की पोर्टल उघडायचंच विसरतो. आमच्या इथे एका पोराचे अठरा हजार असे सात महिने अडकले होते, तो तीनदा येऊन गेला, चौथ्यांदा मी लॉगिन करून बघितलं तर दोन क्लिकचं काम. पुढच्या डिसेंबरात त्याला निविदा क्रमांक पाठवला तर म्हणाला, आधीचे पैसे आले ना साहेब, मग भरतो.